तपासणीची तपासणी: सी मॅक्रो, 'स्थिर' राशी आणि गप्प बसणारा कंपायलर



संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक वाक्य नेहमी ऐकायला मिळतं: "कोड कंपाइल झाला, एरर नाही, वॉर्निंग नाही, म्हणजे ठीकच असणार." मीही असंच म्हणायचे. या वाक्याने माझा पाच आठवड्यांचा डेटा कसा खाल्ला आणि त्यामागे सी भाषेतली कोणती बारीक गोष्ट होती, ते आज सांगते. थोडं सी येत असेल तर पुरे आहे. बहुतेक जण मोबाईलवर वाचतात, म्हणून कोडही उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहिलाय.

भेगा पडलेली जमीन आणि सपाट आलेख

अंबडजवळ माझ्या मामाची मोसंबीची बाग आहे. काळी माती, ठिबक, आणि उन्हाळ्यात पाण्याची मारामार. माझ्या पीएचडीच्या कामाचा एक भाग म्हणून तिथे मातीतली ओल मोजणारं छोटं यंत्र बसवलं होतं. एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, दोन खोलींवर दोन सेन्सर, सगळा प्रोग्राम सी भाषेत आणि कंपायलर जीसीसी. दर ३६ सेकंदांला एक रीडिंग. त्यांची सरासरी काढायची आणि कार्डावर लिहायची.

आलेख सुंदर येत होता. ओल हळूहळू, अगदी जराशी कमी होताना दिसायची. झाडाखाली पाचटाचं आच्छादन होतं, म्हणून मी निष्कर्ष काढला की आच्छादनामुळे ओल टिकतेय. परिषदेसाठी सारांशही लिहायला घेतला. मामाने तर त्या आलेखावर विसंबून दोन दिवस ठिबक बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला:

"अगं पोरी, जमिनीला भेगा पडल्यात, फळं गळायलीत, आन् तुझं यंत्र म्हणतंय वल हाय!"

मामाने लगेच पाणी सोडलं, त्यामुळे फळगळ थोडक्यात थांबली. पण माझ्या पोटात गोळा आला. यंत्र खोटं बोलत होतं, आणि मामाचं पाणी त्या खोट्यावर ठरत होतं.

चूक कुठे होती?

सरासरीसाठी मी गोल बफर वापरला होता. म्हणजे ठरावीक खणांची एक रांग. शेवटचा खण भरला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कितव्या खणात लिहायचं हे काढायला भागाकाराची बाकी घेता येते, पण छोट्या प्रोसेसरवर भागाकार महाग पडतो. म्हणून एक जुनी युक्ती वापरतात. खणांची संख्या २ चा घात असेल, उदाहरणार्थ २५६, तर

खण = मोजणी & (एन - १);

एवढंच पुरतं. २५५ म्हणजे बायनरीत सलग आठ एक, त्यामुळे अँड केल्यावर खालचे आठ बिट जसेच्या तसे राहतात. तीच बाकी.

अट एकच: एन हा २ चा घातच हवा. ही अट मोडली तर कंपाइल होतानाच कळावं म्हणून मी एक जुना, पुष्कळ ठिकाणी दिसणारा मॅक्रो घेतला:

#डिफाइन तपासा(चूक) ((व्हॉइड)साइझऑफ(कॅर[१ - २*!!(चूक)]))

याचा अर्थ असा. 'चूक' खरी असेल तर कंसातली किंमत १ - २ म्हणजे -१ येते. उणे लांबीचा अॅरे चालत नाही, म्हणून कंपायलर ओरडतो. 'चूक' खोटी असेल तर लांबी १ येते आणि काहीच होत नाही. यंत्रावर यातला एकही बाइट खर्च होत नाही. मी लिहिलं होतं:

तपासा(एन & (एन - १));

२ च्या घाताला हे उत्तर शून्य येतं, इतर संख्यांना नाही. सुरुवातीला एन हा #डिफाइनने दिलेला २५६ होता. मुद्दाम २५० टाकून पाहिलं, तर कंपायलर ओरडला. छान. माझा विश्वास बसला.

पुढे सेन्सरची दुसरी खोली आली. दोन बफर झाले, म्हणून मी एन हा फंक्शनचा पॅरामीटर केला. वरच्या थरासाठी बरोबर दोन तासांची सरासरी हवी होती. ३६ सेकंदांना एक या हिशोबाने २०० रीडिंग होतात. मी बिनधास्त २०० पाठवले. मनात म्हटलं, चुकलं तर 'तपासा' आहेच की.

'तपासा' गप्प बसला.

२०० मुळे नेमकं काय झालं?

हे हाताने करून बघा, कारण संशोधनात असं हाताने केलेलं गणितच शेवटी कामाला येतं. एन - १ म्हणजे १९९, बायनरीत ११०००१११. मधले तीन बिट शून्य आहेत. म्हणजे अँड केल्यावर मोजणीचे ते तीन बिट गळून पडतात. उरले पाच बिट, म्हणजे वेगवेगळे खण फक्त ३२.

० ते ६३ क्रमांकाची सगळी रीडिंग ० ते ७ या आठच खणांत एकमेकांवर लिहिली जात होती. ६४ ते १२७ ही ६४ ते ७१ मध्ये, १२८ ते १९१ ही १२८ ते १३५ मध्ये आणि पुढची १९२ ते १९९ मध्ये. सगळ्यात मोठा खण १९९, म्हणजे बफरच्या हद्दीतच. त्यामुळे मेमरी बिघडली नाही, प्रोग्राम बंद पडला नाही.

उरलेल्या १६८ खणांत काय होतं? सरासरी शून्यापासून सुरू होऊ नये म्हणून मी यंत्र चालू होताना सगळे खण पहिल्या रीडिंगने भरत होते. म्हणजे सरासरीतला ८४ टक्के वाटा कायम पहिल्या रीडिंगचाच. समजा ओल ३० वरून २० टक्क्यांवर आली. यंत्र दाखवणार ०.८४ × ३० + ०.१६ × २० = २८.४. दहा अंकांची घट दीडेक अंकांची दिसणार. माझा तो 'सुंदर' आलेख असा तयार झाला होता.

खूण समोरच होती, हे जास्त लागलं. बॅटरी बदलली की आलेख एकदम खाली यायचा, कारण यंत्र पुन्हा सुरू होऊन सगळे खण ताज्या रीडिंगने भरले जायचे. खरं तर तेवढाच क्षण यंत्र खरं बोलत होतं. मी मात्र त्या उडीला 'बॅटरीचा परिणाम' म्हणून वहीत बाजूला टाकलं होतं. कच्ची रीडिंग साठवली नव्हती, फक्त सरासरी होती. त्यामुळे वरच्या थराचा पाच आठवड्यांचा डेटा गेला.

कंपायलर गप्प का बसला?

आता मुख्य मुद्दा. १९९९ च्या सी मानकाने, म्हणजे सी९९ ने, एक सोय आणली: फंक्शनच्या आत अॅरेची लांबी चालू वेळेला ठरवता येते. अशा अॅरेला व्हीएलए म्हणतात, म्हणजे बदलत्या लांबीचा अॅरे. एन हा #डिफाइन होता तोपर्यंत माझ्या मॅक्रोतली लांबी स्थिर होती, म्हणून उणे आली की एरर. एन पॅरामीटर झाला आणि त्याच ओळीचा अर्थ बदलला. आता ती 'स्थिर लांबीचा अॅरे' राहिली नाही, 'बदलत्या लांबीचा अॅरे' झाली. कंपायलरच्या दृष्टीने लांबी नंतर कळणार, मग आत्ता तक्रार कशाची? पुढे चालू वेळेला लांबी -१ आली, तर ते मानकानुसार अव्याख्यात वर्तन. कंपायलरवर कसलंच बंधन नाही. निकाल कुठेच वापरलेला नसल्याने जीसीसीने ती ओळच काढून टाकली.

म्हणजे तपासणी नापासही झाली नाही, पासही झाली नाही. ती नाहीशी झाली. आणि नाहीशी झालेली तपासणी बाहेरून पास झालेल्या तपासणीसारखीच दिसते.

माझ्या वॉर्निंग चालू होत्या, पण जीसीसीच्या 'डब्ल्यू-ऑल' आणि 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' या पर्यायांत व्हीएलएची वॉर्निंग येत नाही. 'डब्ल्यू-व्हीएलए' वेगळा द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरमध्ये व्हीएलए मुळातच नाहीत, त्यामुळे तिथे हीच ओळ एरर देते. एकच कोड, एका कंपायलरवर ओरड आणि दुसऱ्यावर शांतता.

'स्थिर' हा शब्द तीन जण तीन अर्थांनी वापरतात

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ मिटतो.

पहिला, प्रीप्रोसेसर. तो कंपायलरच्या आधी चालतो आणि त्याला फक्त मॅक्रो कळतात. साइझऑफ त्याला माहीत नाही, एनम माहीत नाही. वाईट भाग असा की #इफमध्ये अनोळखी नाव आलं तर तो ते गुपचूप ० धरतो. समजा तुम्ही बफरचा आकार एनममध्ये दिलाय आणि #इफ लावून तो १२८ पेक्षा मोठा असेल तर एरर द्या असं लिहिलंय. ती एरर कधीच येणार नाही, कारण प्रीप्रोसेसरच्या लेखी आकार नेहमीच ०. यासाठी 'डब्ल्यू-अनडेफ' हा पर्याय आहे.

दुसरी, भाषा, म्हणजे मानक. पूर्णांक स्थिर राशी कशाला म्हणायचं याची नियमावली मानकात आहे: आकडे, एनमच्या किमती, साइझऑफ, त्यांच्यावरची साधी गणितं. 'कॉन्स्ट इंट' या यादीत नाही. सी भाषेत कॉन्स्टचा अर्थ 'लिहू नका', 'आधीच माहीत' असा नाही. सी++ मध्ये मात्र स्थिर किमतीने सुरू झालेला कॉन्स्ट इंट अॅरेच्या लांबीला चालतो. दोन्ही भाषा शिकलेले आपण इथे हमखास घसरतो. अशा कॉन्स्टची लांबी देऊन फंक्शनच्या बाहेर अॅरे घोषित केला, तर जीसीसी एरर देतो आणि क्लँग वॉर्निंग देऊन चालवून घेतो. सेन्सरचं गुणक लिहिताना आपण (इंट)(२.५ * ४.०) असं सहज लिहितो. मानकाच्या काटेकोर अर्थाने तेही स्थिर नाही, कारण अपूर्णांक थेट कास्टच्या पुढे असेल तरच चालतो, त्याचा आधी गुणाकार केलेला चालत नाही. पण कंपायलरने आणखी प्रकार स्वीकारायला मानकाची मुभा आहे, म्हणून वागणूक कंपायलरगणिक बदलते.

तिसरा, ऑप्टिमायझर. तो प्रोग्राम वाचून अंदाज बांधतो: 'इथे एन नेहमी २०० च येतोय, मग मी २०० च धरतो.' याला कॉन्स्टंट प्रोपगेशन म्हणतात. माझ्या फंक्शनचा मजकूर कॉलच्या जागी उतरवल्यावर ऑप्टिमायझरला २०० कळलेही असतील. पण अॅरेचा प्रकार तोवर ठरून गेलेला असतो. तपासणी दुसऱ्या पायरीवर होती, उत्तर तिसऱ्या पायरीवर आलं.

जीसीसीत 'बिल्टइन कॉन्स्टंट पी' नावाची सोय आहे, ती या तिसऱ्याला विचारते: हे तुला स्थिर म्हणून कळतंय का? तिचं उत्तर ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर अवलंबून असतं. 'ओ-०' वर नाही, 'ओ-२' वर हो, असं होऊ शकतं. वेग वाढवायला ती ठीक आहे, बरोबर-चूक ठरवायला नाही.

हा विषय संशोधनाचा कसा?

एखादी राशी प्रत्येक वाटेने स्थिरच राहते का, याचं नेमकं उत्तर सगळ्या प्रोग्रामसाठी देणं तत्त्वतःच शक्य नाही. म्हणून ऑप्टिमायझर सुरक्षित अंदाज करतो: खात्री असेल तरच 'स्थिर' म्हणतो. गॅरी किल्डाल यांनी १९७३ मध्ये अशा विश्लेषणांची एकत्रित मांडणी केली. १९९१ मध्ये वेगमन आणि झाडेक यांनी अटींच्या फांद्या लक्षात घेणारी, जास्त स्थिर राशी सापडणारी पद्धत प्रसिद्ध केली. जीसीसीतला 'सीसीपी' हा टप्पा याच वंशातला.

यात आपल्या महाराष्ट्राचं नावही ठळक आहे. आयआयटी मुंबईत धनंजय ढमढेरे यांनी कंपायलर ऑप्टिमायझेशनवर काम केलं. उदय खेडकर यांनी ढमढेरेंसोबत १९९४ मध्ये डेटा फ्लो विश्लेषणाच्या एका मोठ्या गटाचा व्यापक सिद्धांत मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो विश्लेषणावरचं पुस्तक २००९ मध्ये आलं. कॉन्स्टंट प्रोपगेशन मुळापासून समजून घ्यायचं असेल तर ते जरूर उघडा. जीसीसीच्या आतल्या रचनेवर काम करणारं जीसीसी रिसोर्स सेंटरही तिथेच उभं राहिलं आणि त्याने जीसीसीवर कार्यशाळा घेतल्या. आपण रोज वापरतो ते साधन आतून उघडून बघणारी माणसं एवढ्या जवळ आहेत, हे मला एमएस्सीला असताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता मानक एवढं हट्टी का, हेही कळतं. ऑप्टिमायझरची हुशारी वर्षागणिक वाढते. 'स्थिर' म्हणजे काय हे त्याच्यावर सोडलं, तर आज कंपाइल होणारा प्रोग्राम उद्या दुसऱ्या कंपायलरवर होणार नाही. म्हणून मानकाने मुद्दाम साधा, सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम ठेवला.

लिनक्समधली एक अजब ओळ

हाच प्रश्न लिनक्स कर्नलमध्ये २०१८ साली मोठ्या प्रमाणावर आला. कर्नलचा स्टॅक छोटा असतो, त्यावर बदलत्या लांबीचे अॅरे धोक्याचे. ते काढायच्या मोहिमेत केस कुक आघाडीवर होते. अडचण अशी की काही ठिकाणी अॅरेची लांबी दोन स्थिर आकड्यांमधला मोठा आकडा अशी लिहिलेली होती, आणि कर्नलचा तेव्हाचा मॅक्स मॅक्रो आत तात्पुरती व्हेरिएबल वापरायचा. परिणाम: दोन्ही आकडे स्थिर असूनही उत्तर मात्र मानकाच्या अर्थाने स्थिर नाही.

तेव्हा एमआरआय प्रतिमांवर काम करणारे संशोधक मार्टिन यूकर यांनी एक ओळ सुचवली. क्ष ही मानकाच्या अर्थाने स्थिर राशी आहे का, हे ती सांगते:

साइझऑफ(इंट) == साइझऑफ(*(८ ? ((व्हॉइड *)((लाँग)(क्ष) * ०)) : (इंट *)८))

घाबरू नका, मर्म एका नियमात आहे. पूर्णांक स्थिर राशीची किंमत ० असेल आणि ती व्हॉइड पॉइंटरमध्ये बदलली, तर तो 'नल पॉइंटर स्थिरांक' ठरतो. प्रश्नचिन्हाच्या एका बाजूला असा नल स्थिरांक आणि दुसऱ्या बाजूला इंट पॉइंटर असेल, तर सगळ्याचा प्रकार इंट पॉइंटर होतो. पण क्ष स्थिर नसेल तर क्ष * ० हे स्थिर राहत नाही, नल स्थिरांक बनत नाही, आणि सगळ्याचा प्रकार व्हॉइड पॉइंटर होतो. मग साइझऑफ विचारलं की पहिल्या बाबतीत इंटचा आकार, दुसऱ्या बाबतीत व्हॉइडचा, जो जीसीसी स्वतःच्या सवलतीने १ धरतो. यात क्ष ची किंमत कधी काढलीच जात नाही, फक्त प्रकार बघितला जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी यावर 'ही प्रतिभा की बिघडलेलं डोकं, ते कळत नाही' अशा अर्थाची दाद दिली होती. ओळ कर्नलमध्ये गेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ४.२० आवृत्तीपर्यंत व्हीएलए हद्दपार झाले.

मग मी काय बदललं?

एक. जुना मॅक्रो काढून सी११ मधलं 'स्टॅटिक असर्ट' वापरलं. त्याला मानकाच्या अर्थाने स्थिर राशीच लागते. पॅरामीटर दिला तर तो गप्प बसत नाही, 'ही राशी स्थिर नाही' अशी एरर देतो. जुन्या कंपायलरवर अडकला असाल तर अॅरेच्या लांबीऐवजी बिटफील्डच्या रुंदीवर तपासणी बांधा. रुंदी स्थिरच लागते, व्हीएलएसारखी पळवाट तिथे नाही.

दोन. किंमत खरंच चालू वेळेला येत असेल, तर तपासणीही चालू वेळेलाच हवी. आता यंत्र सुरू होताना एन तपासतं, चुकीचा असेल तर लाल दिवा लावून थांबतं. थांबलेलं यंत्र मामाला कळतं, खोटं बोलणारं कळत नाही.

तीन. 'डब्ल्यू-व्हीएलए' आणि 'डब्ल्यू-अनडेफ' दोन्ही चालू, आणि दोन्ही एरर म्हणून. शिवाय कोड जीसीसी आणि क्लँग दोन्हीवर कंपाइल करून बघते.

चार. कच्ची रीडिंग साठवते. कार्ड स्वस्त आहे, उन्हाळा वर्षातून एकदाच येतो.

पाच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक तपासणीसाठी मुद्दाम चुकीची एक छोटी फाइल ठेवली आहे. ती कंपाइल व्हायलाच नको. झाली, तर तपासणी मेली आहे असं समजायचं. मी हे एकदा केलं होतं, २५० टाकून. पण एन पॅरामीटर केल्यावर पुन्हा केलं नाही. कोड बदलला की तपासणीचीही तपासणी पुन्हा करावी लागते, हे मी पाच आठवडे मोजून शिकले.

सारांश मी परत घेतला. गाइडना सगळं सांगितलं तेव्हा वाटलं होतं आता बोलणी बसणार. ते एवढंच म्हणाले, "आता बॅटरीच्या नोंदी काढ. उडी मारली तेव्हा यंत्र खरं बोलत होतं ना? तेवढे बिंदू वापरता येतात का बघ." बघितलं. प्रत्येक उडीनंतरचं पहिलं रीडिंग खरं होतं. पाच आठवड्यांत असे सहा बिंदू मिळाले, आणि आच्छादन असूनही वरचा थर किती झपाट्याने सुकत होता हे त्या सहा बिंदूंनी स्पष्ट दाखवलं.

यंत्र पुन्हा बागेत बसवलंय. मामा आता आलेख बघतो, पण ठिबक बंद करायच्या आधी एक मूठ माती हातात घेऊन दाबून बघतो. मी त्याला म्हटलं, हीसुद्धा तपासणीची तपासणीच आहे. तो म्हणाला, "आम्ही बापजाद्यापासून हेच करतोय, तुला आत्ता कळलं."